रेडिंगला येताय? चर्चच्या प्राथमिक शाळेबद्दल थोडं सविस्तर

नमस्कार. तुम्ही फेब्रुवारीत पुण्याहून रेडिंगला येताय, लेक मेमध्ये चार वर्षांची होईल आणि बघितलेल्या घराजवळ चर्च ऑफ इंग्लंडची प्राथमिक शाळा आहे, तिला जोडून नर्सरीही. शिक्षणाचा दर्जा कसा असतो आणि आपल्या मुलांना घेतात का, असं तुम्ही विचारलंय. माझी दोन्ही मुलं अशाच शाळेत शिकली, म्हणून मोकळेपणानं सांगते.

पहिल्यांदा आपल्याकडची कॉन्व्हेंट डोक्यातून काढून टाका. इथे फी नाही, मुलाखत नाही, डोनेशन नाही. शाळा सरकारी पैशावर चालते. इंग्लंडमधल्या साधारण दर चार प्राथमिक शाळांमागे एक चर्च ऑफ इंग्लंडची आहे, खेड्यात तर कित्येकदा तेवढी एकच. त्यामुळे चर्चची आहे म्हणजे चांगलीच असणार, असं धरून चालू नका. काही उत्तम आहेत, काही यथातथा.

प्रवेशाचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या लोकांची फसगत इथेच होते. शाळा 'व्हॉलंटरी कंट्रोल्ड' असेल तर प्रवेशाचे नियम कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, ठरवते आणि सहसा घराचं अंतर महत्त्वाचं असतं. 'व्हॉलंटरी एडेड' असेल तर नियम शाळेचे, आणि अर्ज जास्त आले तर नियमित चर्चला जाणाऱ्या कुटुंबांना आधी जागा देता येतात. जागा शिल्लक असतील तर धर्मावरून कुणालाही नाकारता येत नाही. शाळेच्या वेबसाइटवर प्रवेशाचं धोरण असतं, ते शेवटपर्यंत वाचा.

दुसरं, नर्सरीत जागा मिळाली म्हणजे शाळेत मिळाली असं नाही. रिसेप्शनचा, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाचा, अर्ज कौन्सिलकडे वेगळा करावा लागतो. तुमची लेक या सप्टेंबरात रिसेप्शनला जाईल आणि त्याची मुदत 15 जानेवारीलाच संपते. म्हणजे तुमचा अर्ज उशिराचा धरला जाईल. तरी भाडेकरार हातात आला की लगेच करा. वेळेत आलेल्या अर्जांच्या जागा 16 एप्रिलला कळवतात. नाव प्रतीक्षायादीत टाकलं तर धीर सोडू नका. ती यादी आधी येईल त्याला आधी अशी नसते, प्रवेशाच्या नियमांनुसार लागते, त्यामुळे शाळेजवळ राहणाऱ्याचं नाव मागाहून येऊनही वर चढतं.

आता शिकवण्याबद्दल. पहिली काही वर्षं इथे जितकी विचारपूर्वक हाताळतात, तितकं मी आपल्याकडे पाहिलं नव्हतं. लेकीला 'ए फॉर ॲपल' पाठ असेल, पण इथे अक्षरांची नावं नाही, उच्चार आधी शिकवतात. स्, अ‍ॅ, ट्, प् असे सुटे आवाज आणि मग ते जोडून 'सॅट', 'टॅप', 'पॅट'. पहिल्या इयत्तेच्या शेवटी, जूनमध्ये, चाळीस शब्दांची फोनिक्स, म्हणजे उच्चार जोडून वाचण्याची, चाचणी असते. त्यात निम्मे शब्द मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले असतात, म्हणजे मूल पाठांतरानं वाचतंय की खरंच उलगडून, ते कळतं. रोज घरी येणारं छोटं पुस्तक आणि त्यासोबतची नोंदवही मनापासून सांभाळा. शिक्षिका ती वही बघतात. मराठीतच बोला घरी, माझ्या मुलांच्या शिक्षिकांनीही हेच सांगितलं होतं.

गणितात मात्र आपल्या अपेक्षेला हा वेग कमी वाटेल. सुरुवातीचं बरंचसं ठोकळे, मणी, चित्रं यांवर चालतं. पाढ्यांची सरकारी चाचणी चौथ्या इयत्तेत होते. मला हे पटायला वेळ लागला, पण संख्येची जाण पक्की होते हे मी जवळून पाहिलंय. पाढे घरी आपल्या पद्धतीनं घ्याच.

रोजची प्रार्थनासभा असते, नाताळात येशूजन्माचं नाटक असतं, धर्मशिक्षणात दिवाळीही येते. तुम्हाला नको असेल तर प्रार्थनेतून आणि धर्मशिक्षणातून मुलीला वगळण्याचा कायदेशीर हक्क आहे. आम्ही वापरला नाही. नाटकात धाकटा मेंढरू झाला होता आणि त्या आठवड्यात घरात दुसरा विषयच नव्हता.

शाळा पारखायची तर ऑफस्टेडचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, अहवाल वाचा, पण शेरा नाही, मजकूर वाचा. सप्टेंबर 2024 पासून सरकारी शाळांना एका शब्दातला एकूण शेरा देणं तसंही बंद झालंय. भेट मागा आणि थेट विचारा: वाचनात मागे पडणाऱ्या मुलाला काय मदत करता? इंग्रजी नवी असलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात कोण सांभाळतं? उत्तर देणाऱ्याला नेमकं सांगता आलं नाही, तर पुढची शाळा बघा.

पैशांचं थोडक्यात: तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना नर्सरीचे आठवड्याला 15 तास वर्षातले 38 आठवडे मोफत मिळतात, तुमच्या व्हिसावरही. नोकरदार पालकांच्या 30 तासांसाठी मात्र दोघांपैकी किमान एकाला सरकारी मदत घेण्याची मुभा लागते. वर्क व्हिसावर ती बहुधा नसते, तेव्हा खर्चाचं गणित 15 तासांवरच मांडा.