आवाज आला नाही म्हणून घरातल्याच माणसावर संशय घेऊ नका

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. अमळनेरला तळमजल्यावर घर. मागच्या खोलीला पूर्वी किराणा मालाची विक्रीची खिडकी होती, तिला बाहेरून छोटं रोलिंग शटर आणि आतून ॲल्युमिनियमची स्लायडिंग. रात्री दोन्ही बंद करून झोपलात. सकाळी शटर खाली होतं, पण स्लायडिंगची काच चार बोटं सरकलेली, आणि ड्रेसिंग टेबलवर काढून ठेवलेल्या दोन बांगड्या गायब. कुणालाच आवाज आला नाही. आता घरात चर्चा चालली आहे की आवाज न करता कुणी शिरूच शकत नाही, म्हणजे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनीच उचलल्या असणार. तुम्हाला ते पटत नाही, म्हणून विचारताय की चोर अशा खिडकीतून गुपचूप येऊ शकतो का.

मी सत्तावीस वर्षं ॲल्युमिनियम सेक्शनचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांपासून खिडक्या-दारं करायचं काम करतो. आधी धुळ्याला, आता जळगावला. शटर आणि ग्रील शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतो, पण बसवताना मी हजर असतो. त्या अनुभवावरून सांगतो: बंद, कुलूपबंद आणि नीट बसवलेलं शटर व स्लायडिंग आवाज न करता उघडणं जवळजवळ अशक्य आहे. पण तुम्हाला आवाज न येणं ही वेगळी गोष्ट आहे. या दोन गोष्टी घरात एकच धरल्या जातात, आणि त्या मावशींवरचा संशय तिथूनच उभा राहतो.

आधी शटर. ते पत्र्याच्या एकात एक अडकवलेल्या पट्ट्यांचं असतं आणि प्रत्येक जोडात थोडी ढिलाई असते, नाहीतर ते ड्रमवर गुंडाळलंच जाणार नाही. खालची पट्टी उचलली की वजन एकेका जोडावरून सुटत जातं आणि प्रत्येक जोड कट् करतो. दोन्ही बाजूंच्या गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्या खाचांतून सरकतं त्यांत, आपल्याकडची बारीक धूळ साचलेली असते, ती करकरते. कितीही हळू उचला, आवाज कमी होतो पण लांबतो. शिवाय चोराला जाताना ते परत खाली करावं लागतं, आणि स्प्रिंग सैल असेल तर शेवटचे चार बोटं शटर हातातून सुटतंच. तुमचं शटर सकाळी पूर्ण खाली होतं, हे लक्षात ठेवा.

मागच्या वर्षी चाळीसगावच्या एका गिऱ्हाइकाकडे अगदी असाच वाद होता. मी त्यांच्या मुलाला बाहेर उभं केलं आणि सांगितलं, तुला जमेल तितकं हळू वीतभर शटर उचल. मी आत खाटेवर पडलो. फक्त पंखा चालू असताना पहिल्या पट्टीलाच मला कळलं. मग कूलर लावला आणि पुन्हा करायला सांगितलं. या वेळी काही ऐकू आलं नाही. रस्त्यावरच्या दिव्याची एक रेघ भिंतीवर पडली तेव्हा कळलं की शटर वर गेलंय. तोवर ते वीतभर नाही, हातभर वर होतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न: त्या रात्री कूलर चालू होता का? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, कूलरशिवाय कोण झोपतं? पत्र्याचा मोठा कूलर खोलीत घोंघावत असतो तेव्हा शेजारी झोपलेल्या माणसाने काही विचारलं तरी 'काय?' म्हणून परत विचारावं लागतं. माझी आई म्हणायची, 'कूलरना आवाजमा काय ऐकू येस?' त्यात तुमचं अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावरचं. घर रुळाच्या जवळ असेल तर मालगाडी जाते तेवढा वेळ शटर जोरात उचललं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पश्चिमेकडचं शटर दिवसभर तापतं आणि रात्री थंड होताना आकसतं, तेव्हा आपोआप टक्, टक् वाजतं. घरच्यांच्या कानांना त्या आवाजाची सवय होते. खरा आवाज आला तरी झोपेत मन म्हणतं, शटर वाजतंय.

आता स्लायडिंग. चार बोटांची फट हीच माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट आहे, आणि ती चोरानेच केली असं लगेच धरू नका. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती हवा निघायला समोर वाट नसेल तर खोली दमट होते, अंग चिकचिकतं. म्हणून आपल्याकडे कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची पद्धतच आहे. रात्री दोन-तीन वाजता जीव घाबरा होऊन घरातलं एखादं मोठं माणूस उठतं, काच चार बोटं सरकवतं आणि परत झोपतं. सकाळी त्याला आठवतही नाही. सासूबाईंना, सासऱ्यांना शांतपणे विचारा. 'तुम्ही उघडली का?' असं आरोपाच्या सुरात नको, 'रात्री दमट झालं होतं का?' असं विचारा. उत्तर वेगळं येईल.

फट घरच्यांनी ठेवली असेल, तर चोराला फक्त शटर उचलायचं होतं. आणि मग त्याला आत यायची गरजच नव्हती. ड्रेसिंग टेबल खिडकीपासून किती लांब आहे? खिडकीतून काठीला तार बांधून पँट, पर्स, मोबाईल ओढून नेणं हा जुना प्रकार आहे, उन्हाळ्यात तर नेहमीचा. बांगड्या कपाटात असत्या आणि कपाट उघडलेलं असतं, तर माणूस आत आला होता असं म्हणता आलं असतं. खिडकीजवळच्या टेबलावरच्या दोन बांगड्या आणि चार बोटं फट, एवढ्यावरून उलट असं वाटतं की फक्त हात किंवा काठी आत आली. सोबत दुसरं काहीच गेलं नाही, हेही त्याच बाजूने बोलतं.

हे ताडून बघता येतं. खालच्या ट्रॅकमध्ये बघा. काळ्या मातीची धूळ वावटळीबरोबर येते आणि ट्रॅकमध्ये पिठासारखी बसते. काच रोज जेवढी सरकते तेवढ्या भागात बेअरिंगने (काचेखालच्या चाकांनी) दोन चकचकीत रेघा पाडलेल्या असतात, पुढे धूळ जशीच्या तशी असते. काच चार बोटांपलीकडे सरकली नसेल तर त्यापलीकडचा थर मोडलेला नसेल, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं असलं तर तेही शाबूत असेल. एवढ्या फटीतून माणूस जात नाही. माणसाचं डोकं जिथून जात नाही तिथून बाकीचा माणूसही जात नाही, आणि मोठ्या माणसाच्या डोक्याला सहा-साडेसहा इंच तरी लागतात. खिडकीचा आतला कट्टाही बघा, शिरणारा माणूस तिथे गुडघा किंवा पाय टेकवतोच. तुम्ही अजून पुसून काढलं नसेल तर पुसू नका.

लॉकही तपासा. काच पूर्ण बंद करून लॉक लावा, बाहेर जा आणि तळहाताने काच बाजूला ढकलून बघा. बेअरिंग झिजलं की काचेचा पल्ला खाली बसतो, आणि लॉकचा हुक समोरच्या खाचेत न जाता तिच्या वर किंवा खाली नुसता घासतो. खटका वाजतो, माणूस निर्धास्त झोपतो, आणि काच बाहेरून एका बोटाने सरकते. मी बघितलेल्या जुन्या खिडक्यांमध्ये हा दोष फार आहे.

दुसरा दोष बसवतानाचा. काचेचा पल्ला चौकटीत घालताना तो आधी वरच्या पट्टीत खुपसायचा आणि मग खाली ट्रॅकवर टेकवायचा असतो, त्यामुळे वर थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते. पल्ला बसला की त्या मोकळ्या जागेत अडथळा म्हणून छोटा तुकडा किंवा स्क्रू मारायला हवा. घाईत कारागीर ते करत नाहीत. मग पल्ला खालून उचलला की ट्रॅकवरून सुटून सरळ हातात येतो. दोन्ही तळहात काचेवर ठेवून वर उचलून बघा. खालची कड ट्रॅक सोडत असेल तर तिथे लॉकचा फारसा भरवसा धरता येत नाही. तरीसुद्धा तो पल्ला काढताना काच खडखडतेच. ॲल्युमिनियमचं सेक्शन आतून पोकळ असतं, डब्यासारखं घुमतं.

स्लायडिंगमध्ये खरोखर आवाज न होणारी जागा एकच, मच्छरजाळी. तीन ट्रॅकच्या खिडकीत लोक काच उघडी ठेवून जाळीचा पल्ला लॉक करतात. फायबरची जाळी ब्लेडने कापली तर कागद कापल्याएवढाही आवाज होत नाही. तुमच्याकडे जाळी असेल तर तिच्या कडा, विशेषतः लॉकच्या आजूबाजूला, बोट फिरवून बघा.

आणि आता कूलरची खिडकी. तुम्ही तिच्याबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून मला तिचीच काळजी वाटते. हे मी का सांगतो ते ऐका.

२००९ च्या मे महिन्यात धुळ्याच्या आमच्या घरी चोरी झाली. आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो, आईचे गुडघे दुखायचे म्हणून ती खाली कूलर लावून झोपायची. सकाळी कपाटातले चार हजार रुपये आणि चांदीचे दोन जोड नव्हते. दाराची कडी जागेवर, कुठे तोडफोड नाही, आईला आवाज नाही. आमच्याकडे भांडी घासायला एक सोळा-सतरा वर्षांची पोर यायची. काकांनी तिला समोर बसवून विचारलं. मी तिथे होतो आणि गप्प राहिलो. ती रडत गेली, ती परत आली नाही. आठ दिवसांनी कूलरचं गवत धुवायला मी कूलर बाहेर ओढला. कूलरचं तोंड आत यावं म्हणून ग्रीलचा चौकोन मीच कापला होता आणि बाजूची फट प्लायच्या पट्टीने झाकून तारेने बांधली होती. ती तार माझ्या पिळाची नव्हती. मी नेहमी उजवीकडे पिळतो, ती डावीकडे पिळलेली होती. कूलरच्या लोखंडी स्टँडवर पाय देऊन चढल्याचा ओरखडा भिंतीच्या चुन्यावर होता. आम्ही त्या पोरीच्या घरी गेलो, माफी मागितली. तिची आई एवढंच म्हणाली की आता दुसरीकडेही तिला कुणी कामाला ठेवत नाही. माझ्या हाताने कापलेल्या ग्रीलमुळे ते झालं, हे मला आजही टोचतं. त्यामुळे कुणी 'आवाज आला नाही, म्हणजे घरातलंच' असं म्हणालं की मी उत्तर दिल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा कूलरच्या खिडकीकडे बाहेरून जा. कूलर ढकलून बघा. त्याच्या बाजूला पुठ्ठा, थर्माकोल, प्लाय काय लावलंय ते बघा. ग्रीलचे स्क्रू बाहेरच्या बाजूला आहेत का बघा. बाहेरून मारलेले स्क्रू पेचकसाने काढायला वेळ लागतो, पण आवाज लागत नाही, आणि काम झाल्यावर ते परत मारताही येतात. एखाद्या स्क्रूच्या डोक्याचा गंज खरवडलेला आणि आतलं लोखंड चमकतंय असं दिसलं, तर तिथे हात लावू नका.

पोलिसांत तक्रार अज्ञाताविरुद्ध देता येते, कुणाचं नाव घालायची सक्ती नसते. कुणी 'संशय कुणावर?' असं विचारलं तर जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नाही ते सांगू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. चोरीसाठी रात्री घरफोडी केली तर कलम ३३१ खाली ती १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. गुन्हा नोंदवल्यावर एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. बांगड्यांची पावती नसेल तर लग्नातला हातातल्या बांगड्या दिसणारा फोटो न्या.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो, कारण ते फार अवघड नाही. शटरला बाहेरून दोन्ही टोकांना कुलूप असेल तर दोन्ही लावा. एकाच बाजूला लावलं तर दुसरा कोपरा उचकटून हात जाण्याएवढी जागा होते. आता तिथे दुकान नाही, तेव्हा आतून सरकती कडी बसवून घ्या, म्हणजे बाहेर तोडायला काही उरणार नाही. मालाची देवाणघेवाण व्हायची म्हणून त्या खिडकीला ग्रील नसणार, ते बसवा. गज १२ मिलिमीटरचे, अंतर चार इंचांपेक्षा कमी, आणि पट्टी स्क्रूवर न ठेवता भिंतीत होल्डफास्ट (लोखंडी पट्टीचे तुकडे) गाडून त्याला वेल्डिंग करून घ्या. पण घरातल्या एका ग्रीलला आतून उघडणारी, कुलपाची खिडकी ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी, आणि त्या कुलपाची किल्ली सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी हवी. रात्री हवेसाठी फट लागतेच, तर ट्रॅकमध्ये मापाने कापलेला ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप आडवा टाका. काच दोन बोटंच सरकेल, त्यापुढे बाहेरून कितीही जोर लावला तरी नाही. हा तुकडा कुठल्याही सेक्शनवाल्याकडे टाकाऊ मालात पडलेला असतो, तो पैसेही घेणार नाही. आणि दागिने खिडकीजवळच्या टेबलावर ठेवू नका.

मावशींना उद्या नेहमीच्या वेळी कामाला येऊ द्या, काही विचारू नका. तोवर ट्रॅकमधली धूळ, लॉकचा हुक आणि कूलरच्या खिडकीचे स्क्रू एवढं बघून इथे लिहा. ड्रेसिंग टेबल खिडकीपासून किती हात लांब आहे तेही मोजून सांगा. मी रात्री नऊनंतर दुकानातून घरी येतो, वाचून लगेच उत्तर देईन. फोटो काढलात तर ट्रॅकचा काढा, अगदी जवळून, बाजूला टॉर्च आडवी धरून, म्हणजे धुळीवरची रेघ दिसेल.