नऊ कोंबड्या आणि सहा कोंबडे, आता काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून लिहितेय. आमच्याकडे पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. संक्रांतीच्या आधी एक कोंबडी खुडूक झाली म्हणून तिच्याखाली तेरा अंडी ठेवली, दहा पिल्लं निघाली आणि देवाच्या कृपेने सगळी जगली. पण त्यात सहा कोंबडे निघाले आणि तलंगा फक्त चार! जुन्या कोंबड्याला मार्चमध्ये कुत्र्यांनी मारलं, तेव्हापासून हे सहा जण नुसता धिंगाणा घालतायत. दोन कोंबड्यांच्या पाठीवर पीस राहिलेलं नाही, एकीच्या तुऱ्यामागे जखम आहे, ती दिवसभर माळ्यावर चढून बसते, दाणे खायलासुद्धा खाली येत नाही. अंडी निम्म्यावर आलीत. पहाटे चार वाजल्यापासून सहाही आरवतात, शेजारचे काका आजारी असतात त्यांना फार त्रास होतो, म्हणून खुराड्यावर गोणपाट टाकून अंधार केला तरी फरक नाही. सासूबाई म्हणतात मी टोकदार अंडी ठेवली म्हणून कोंबडे निघाले. कोणी म्हणतं खच्ची करून घ्या. लाल कोंबड्याला एकजण झुंजीसाठी चांगले पैसे द्यायला तयार आहे. आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीने सहाही जणांना नावं ठेवलीत, ती कोणाला कापू देत नाही. काय करू सांगा.

उत्तर: पत्र वाचून आधी त्या माळ्यावर बसणाऱ्या कोंबडीची काळजी वाटली, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. तिला आजच बाहेर काढा, डालग्याखाली किंवा वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवून खोबरेल तेलात हळद कालवून लावा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्यासुद्धा तिथेच टोचतात, त्यामुळे खपली धरून सुकेपर्यंत तिला कळपात सोडू नका. जखमेला वास यायला लागला किंवा अळ्या दिसल्या तर घरगुती उपाय थांबवून सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पाठ उघडी पडलेल्या दोघींना जुन्या जीन्सच्या कापडाची छोटी झूल शिवून पंखांखालून इलॅस्टिकने घालता येते, मी स्वतः वापरलीय, पीस परत यायला वेळ लागतो तोवर कातडी वाचते.

आता सासूबाईंचं. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग असं काही नसतं हो. पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडूनच ठरतं, अंडं बाहेर यायच्या आधीच, अंड्याचा आकार बघून काही कळत नाही. साधारण निम्मे निम्मे निघतात, दहात सहा कोंबडे म्हणजे अगदी रोजचंच, तुमची काही चूक नाही. फक्त अंडी बसवताना हा हिशोब आधी मनात धरायचा, तेरा अंडी ठेवली की पाच-सहा कोंबडे येणार आणि त्यांचं काय करायचं ते पिल्लं निघायच्या आधी ठरलेलं हवं. आपण सगळेच इथे चुकतो, पिल्लं गोड दिसतात आणि चार महिने कसे जातात कळत नाही.

एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या असं साधारण धरतात. तुमच्याकडे नऊ आहेत, म्हणजे कोंबडा एकच पुरे, दुसरासुद्धा जास्तच. आणि नुसती खायला अंडी हवी असतील तर एकही लागत नाही, कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. सहा तरणे कोंबडे नऊ जणींवर सोडले की दिवसातून किती वेळा एकेकीला दाबतात याला मोजमाप नाही, त्यातही आवडीच्या दोन-तीनच असतात, त्यांचीच पाठ सोलली जाते. अंडी कमी झाली ती यामुळेच, घाबरलेली कोंबडी नीट खात नाही मग अंडं कुठून देणार.

आरवण्याचं म्हणाल तर गोणपाटाने काम होत नाही, कारण कोंबडा उजेड बघून आरवतो हे अर्धंच खरं आहे. जपानमध्ये नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं की कोंबड्याच्या शरीरातच घड्याळ असतं, सतत मंद उजेडात ठेवला तरी तो आपल्या वेळेलाच आरवतो. पुढे 2015 मध्ये त्यांनीच असंही मांडलं की आधी सगळ्यात वरचढ कोंबडा आरवतो आणि मग बाकीचे मानाप्रमाणे एकामागून एक. म्हणजे तुमच्याकडे एकाने सुरुवात केली की पाच जण मागे लागणार. एक राहिला तर एकाचाच आवाज, तोही खुराडं काकांच्या भिंतीपासून लांब हलवलंत तर आणखी कमी होईल. काकांना जाऊन सांगा की पंधरा दिवसांत कमी करते, माणसं समजून घेतात.

मग ठेवायचा कोणता? लोक सगळ्यात मोठा, रंगीत, रुबाबदार ठेवतात, मला ते पटत नाही. सकाळी मूठभर तांदूळ टाका आणि शांत उभ्या राहून बघा. जो दाणा चोचीत घेऊन खाली टाकतो, कुट् कुट् करून कोंबड्यांना बोलावतो, त्या खाईपर्यंत थांबतो, घार दिसली की ओरडून सगळ्यांना झाडाखाली पळवतो, आणि मुलीच्या अंगावर कधी धावून जात नाही, तो ठेवायचा. जो नुसता कोपऱ्यात गाठून मानगूट धरतो तो कितीही देखणा असला तरी नको. पायामागचा काटा वाढला असेल तर टोक कानशीने थोडं घासून बोथट करा, फार कापू नका, आत रक्त असतं.

अजून एक गोष्ट, ही तुमच्या मनात आली नसेल. हे सहाही जण तुमच्याच कोंबड्यांचे मुलगे आणि त्या तलंगांचे भाऊ. पुढे पिल्लं काढायची असतील तर यातला एक देऊन माहेरच्या किंवा दुसऱ्या गावातल्या कोणाकडून त्यांचा कोंबडा घ्या, अदलाबदल, पैशाचा प्रश्नच नाही. आणलेला कोंबडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा आणि मानमोडीची लस झालीय का ते नक्की विचारा, मानमोडी आली तर आख्खं खुराडं रिकामं होतं. आताचे कोंबडे काढल्यावरसुद्धा कोंबडीच्या पोटात त्यांचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून नव्याची पिल्लं हवी असतील तर तीन आठवडे थांबून मगच अंडी बसवा.

खच्ची करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. बोकडासारखं ते बाहेर नसतं, कोंबड्याचं आत पाठीच्या कण्याला लागून असतं, बरगड्यांमधून कापून काढावं लागतं, घरी कोणी करू गेलं तर तडफडून मरतो. आणि झुंजीवाल्याला तर दारातूनच परत पाठवा. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे, कलम 11 प्रमाणे झुंजी लावणं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी पायाला पातं बांधून त्याचा शेवट कसा होतो ते मी एकदा पाहिलंय, तुमच्या हाताने दाणे खाल्लेल्या जिवाला तिथे पाठवू नका.

राहिले पाच. आता ते पाच महिन्यांचे झालेत, मांस अजून कोवळं आहे, आणि पुढे आषाढ आहे. गावठी कोंबड्याला आषाढात जेवढी मागणी असते तेवढी वर्षात क्वचितच, देवाला राखण द्यायलाही लोक शोधत असतात, श्रावण लागला की महिनाभर कोणी विचारत नाही आणि तुम्ही फुकट दाणे घालत बसाल. एक कोंबडा दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खातो, पाच जणांचे महिन्याला सोळा-सतरा किलो झाले, हिशोब तुम्हीच करा. एकदम पाच नको असतील तर दोन विका, दोन घरात लागतील तसे, एक अदलाबदलीला.

मुलीचं मात्र हळू घ्या. तिला खोटं सांगू नका, "काकांकडे राहायला गेला" म्हणालात आणि खरं कळलं तर ती कोंबड्यापेक्षा तुमच्यावर जास्त रुसेल. तिला माळ्यावर बसलेली कोंबडी दाखवा, पाठ दाखवा, सांगा की सगळे राहिले तर हिला खाली येता येणार नाही. ठेवायचा कोंबडा तिलाच निवडू द्या, तांदळाची परीक्षा तिच्याकडूनच करून घ्या. आणि ज्या दिवशी एखादा घरात शिजेल त्या दिवशी ती नाही म्हणाली तर तिच्या ताटात वाढू नका, बस.

अगदीच काढवत नसतील तर दुसरा मार्ग आहे, पाचही जणांचं वेगळं खुराडं, कोंबड्या दिसणारही नाहीत इतकं लांब. एकत्र वाढलेले भाऊ मादी समोर नसली की बऱ्यापैकी शांत राहतात. पण प्रत्येकाला आत चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा तरी चौरस फूट हवेत, आणि एकाला कोंबड्यांत सोडून पुन्हा भावांत टाकायचा नाही, मग रक्तबंबाळ होतात. आणि आरवणं आहेच, त्यामुळे काकांचा विचार करता मी तुम्हाला हे सुचवणार नाही.

प्रश्न: आम्ही निफाडला राहतो. घरामागे आठ-दहा पक्षी पाळायचेत, पण कोंबडे नकोत. पिल्लं विकत घेताना फक्त माद्या मागता येतात का?

उत्तर: गावठी किंवा गिरीराज, वनराज अशा सुधारित जातींची एक दिवसाची पिल्लं बहुतेक ठिकाणी मिसळच मिळतात. त्या वयात नर-मादी ओळखणं सरावलेल्या माणसाचं काम आहे, विकणारा नुसता तोंडी "सगळ्या माद्याच" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा अडीच-तीन महिन्यांच्या तलंगा घ्या, महाग पडतील पण तोवर फरक दिसतो. नराचा तुरा आधीच मोठा आणि लालभडक, पाय जाड, शेपटीजवळची पिसं लांब टोकदार, मादीची तीच पिसं गोलसर. दिवसाउजेडी जा, एकेक हातात घेऊन बघा, आणि लसीकरण कुठलं कुठलं झालंय ते तारखेसकट लिहून आणा.