ईआरपीनेक्स्ट हे स्टॉक-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, मग ते बसवून देताना नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडून पैसे कशाचे घ्यायचे? आणि केलेले बदल सगळ्यांना द्यावे लागतात का?

आधी दुसरा प्रश्न. ईआरपीनेक्स्टचं लायसन्स जीपीएल ३, म्हणजे प्रत देताना तिचा कोडही द्यायला लावणारा परवाना. बदललेली प्रत गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर बसवून दिलीत, तर सोर्स कोडही त्याला द्यायचा, जगाला नाही. तुमच्याच सर्व्हरवर चालवून फक्त लॉगिन दिलंत, तर जीपीएलमध्ये ते वाटप धरत नाहीत, सोर्स द्यावा लागत नाही. ही पळवाट एजीपीएल या जीपीएलच्याच कडक भावंडाने बंद केली, म्हणून सोबत वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचं (तयार कोडचं) लायसन्स वेगळं वाचा. ते बदलतंही: रेडिस या डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरने मार्च २०२४ मध्ये बदललं, लगेच त्याच्या जुन्या कोडवरून व्हॅल्की हा वेगळा फाटा फुटला.

आता पैसे. कॉपीचे विसरा, डेटा भरणं, बदल, होस्टिंग आणि वार्षिक देखभाल यांचे घ्या. डेटाचा दर वेगळा लावाच, कारण खरा घाम तिथेच गळतो. जुन्या एक्सेलमध्ये ‘बोल्ट एम८’, ‘एम ८ बोल्ट’ आणि ‘८ एमएम बोल्ट’ अशी एकाच मालाची तीन नावं असतात. तशीच चढवलीत की स्टॉक कधीच जुळत नाही, आणि शिव्या सॉफ्टवेअरला!

मूळ कोडला हात लावू नका. बदल स्वतंत्र कस्टम अ‍ॅपमध्ये ठेवा, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं अडकतं.

बॅकअप घेताना ‘विथ फाइल्स’ पर्याय द्या. नुसत्या बॅकअपमध्ये जोडलेली बिलं, ड्रॉइंग येत नाहीत. साइट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधली एन्क्रिप्शन की, म्हणजे साठवलेले पासवर्ड उलगडणारी किल्ली, तीसुद्धा जपा. ती हरवली तर साठवलेले ईमेल पासवर्ड पुन्हा भरत बसाल.