बेअरिंग गेलं म्हणजे मशीन गेलं का?

प्रश्न : आमचं ६.५ किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन ९ वर्षांचं आहे. दोन महिन्यांपासून स्पिन सुरू झालं की शेजारच्या खोलीतही बोलणं ऐकू येत नाही. मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलंय, ९,५०० रुपये होतील. तेवढंच नवं मशीन २८,००० ला मिळतंय. पैसे घालावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बेअरिंग म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ती गोळ्यांची कडी. आधी निदान बरोबर आहे का ते बघा. त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. प्लग काढा, दार उघडा, आतल्या ड्रमची वरची कड धरून वर उचला. ड्रम आणि त्याच्याभोवतीचा पाण्याचा टब दोन्ही एकदम हलले तर काळजी नाही, ते स्प्रिंग आणि शॉकवर (धक्के शोषणाऱ्या दांड्यांवर) लटकलेलेच असतात. फक्त ड्रम टबच्या आत वरखाली होत असेल आणि हाताने फिरवताना खरखर लागत असेल, तर बेअरिंग गेलंय. मग मागचं पत्र्याचं झाकण उघडून पुलीच्या (ड्रम फिरवणाऱ्या चाकाच्या) मागे पाहा. तिथून खाली गंजाचा तपकिरी ओघळ दिसला की समजा, पाणी बेअरिंगपर्यंत पोचलंय. खरखर नसून हळू फिरवतानाही मधूनच ‘टिक-टिक’ येत असेल, तर नाणं किंवा ब्राची तार ड्रम आणि टबच्या मध्ये अडकलेली असू शकते. ते काम कमी खर्चाचं आहे.

बेअरिंग बहुधा आपणहून खराब होत नाही. आधी त्याच्या पुढचं रबरी सील झिजतं, पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि मग गोळ्या गंजतात. म्हणून नुसतं बेअरिंग बदलून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. दोन्ही बेअरिंग आणि सील एकदमच बदलली पाहिजेत. सील ज्या शाफ्टवर (ड्रमच्या दांड्यावर) बसतं तिथे नख फिरवून पाहायला सांगा. खाच लागत असेल तर नवं सीलसुद्धा काही महिन्यांत गळेल.

तुमच्या निर्णयाची खरी जागा मात्र स्पायडर ही आहे. ड्रमच्या मागे तीन हातांचा आधार असतो, त्याला मेकॅनिक स्पायडर म्हणतात. ड्रम स्टीलचा असला तरी हा बहुतेकदा अॅल्युमिनियमचा असतो. बोअरचं जड पाणी, हात सैल सोडून टाकलेली पावडर आणि कायम थंड धुलाई यांमुळे त्यावर साबणाचा थर बसतो, आणि त्या थराखाली तो खाल्ला जातो. टब उघडल्यावर त्याचे हात भुसभुशीत, पांढरट आणि खड्डे पडलेले दिसले, तर तो स्पिनच्या वेगात तुटू शकतो. तुटलेला हात टबला भोक पाडतो आणि मग दुरुस्तीचा विचारच संपतो. निर्णय होईपर्यंत मशीन पूर्ण वेगाने स्पिन करू नका.

आता मेकॅनिकला दोनच गोष्टी विचारा. तुमच्या मॉडेलचा टब स्क्रूने जोडलेला आहे की दोन भाग वितळवून चिकटवलेले आहेत? आणि ९,५०० मध्ये नवा स्पायडर आहे का? स्क्रूचा टब असेल, स्पायडर-शाफ्ट, दोन्ही बेअरिंग आणि सील धरून हा आकडा असेल आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड, हीटर, दाराचं रबर ठीक असेल, तर मी दुरुस्ती करीन. खर्च नव्याच्या एक तृतीयांश होतो आणि झिजणारा सगळा भाग नवा मिळतो. टब चिकटवलेला असेल, तर पूर्ण टब-ड्रमच मागवावा लागतो. ९ वर्षांच्या मशीनवर तो खर्च करू नका. तो टब कापून सिलिकॉन लावून परत जोडून देणारेही भेटतील, पण ती जोडणी गळली तर पाणी खालच्या मोटरवर आणि वायरिंगवर जातं.

मोटरच्या १० वर्षांच्या वॉरंटीवर विसंबू नका. ती फक्त मोटरची असते, बेअरिंग किंवा ड्रम तिच्यात येत नाही. नवं घेतलंत तरी पाणी तेच राहणार, म्हणून पावडर मोजून घाला आणि महिन्यातून एकदा ड्रम रिकामा ठेवून ६० अंशांवर धुलाई चालवा.

प्रश्न : ४ वर्षांच्या टॉप लोडमधून पाणी जात नाही. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय, त्यापेक्षा नवंच घ्या असा सल्ला मिळाला. खरंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यावर बोर्डाला दोष देऊ नका. आधी मागची नळी पाहा. तुमच्या मशीनला पंप नसेल तर पाणी उतारानेच जातं, त्यामुळे नळी वर उचललेली किंवा दुमडलेली चालत नाही. ती ठीक असेल तर खालची ड्रेन मोटर तपासून घ्या. ती झडप ओढते तेव्हाच पाणी जातं. वीज तपासायचं मीटर लावून पाहायचं : पाणी काढायच्या वेळी मोटरपर्यंत वीज पोचते पण ती ओढत नाही, तर मोटर बदला. वीज पोचतच नसेल तर आधी वायर आणि मगच बोर्ड. बोर्डाचंही जळकं रिले (वीज चालू-बंद करणारा भाग) बदलून देणारे असतात. ४ वर्षांचं मशीन यासाठी काढू नका.

प्रश्न : सेमी-ऑटोमॅटिकचा स्पिन ‘हं’ असा आवाज करतो, फिरत नाही.
– एक वाचक, लातूर

उत्तर : प्लग काढून, झाकण बंद असताना ब्रेक सुटतो तसा तो सोडवून स्पिनचं भांडं हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर कपॅसिटरचा, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या भागाचा संशय. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरड आणि व्होल्टच्या आकड्यांचाच नवा आणा. जुन्यात वीज साठून राहते, तेव्हा त्याच्या टोकांना हात न लावता तो बसवायचं काम मेकॅनिककडूनच करून घ्या. भांडं घट्ट असेल तर खाली पायमोजा किंवा रुमाल अडकलाय का, ब्रेक चिकटलाय का ते पाहा. दोन्ही कामं किरकोळ आहेत. पण खालचं पत्र्याचं बूड गंजून भोकं पडली असतील आणि मोटर त्याच्यावरच टेकलेली असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका.