जडत्व, रोध आणि विरोध

प्रश्न असा आला आहे: जडत्व (वस्तूचा वेग सहजी न बदलणं), विजेतला लेन्झचा नियम आणि रासायनिक समतोलाबद्दलचं ल शातलिए यांचं तत्त्व हे तिन्ही ‘बदलाला विरोध’च सांगतात, मग तिघांनाही ‘जडत्व’ का म्हणू नये?

साम्य आहेच, पण ‘विरोध’ हा शब्द इथे फसवा आहे. विरोध म्हटलं की कुणीतरी पाय रोवून उभं राहिलेलं दिसतं. वस्तुमान असं काही करत नाही. घर्षण नसेल तर अवाढव्य वस्तूसुद्धा बोटाच्या रेट्याने हलते, फक्त तिचा वेग अगदी सावकाश वाढतो. केप्लरने यासाठी जो लॅटिन शब्द उचलला, त्यातही आळसाचाच भाव होता. आपला ‘जड’ त्याच्या जवळ जातो, मात्र संस्कृतातला, निश्चेष्ट या अर्थाचा. वजनाने जड नव्हे. कक्षेत फिरणाऱ्या यानात पेटी तरंगते, वजन जाणवत नाही, तरी तिला ढकलायला जोर लागतो आणि थांबवायलाही.

विजेतलं जडत्व कोणतं? पुष्कळ जण ‘रोध’ म्हणतात, मला ते पटत नाही. रोध प्रवाहालाच अडवतो, मग तो स्थिर का असेना, आणि ऊर्जा उष्णतेत घालवतो. म्हणजे तो घर्षणाचा भाऊ. तारेचं वेटोळं मात्र (तारेचा रोध सोडला तर) स्थिर प्रवाहाच्या वाटेला जात नाही; तो वाढू-घटू लागला की आडवं येतं. वेटोळं असलेलं यंत्र बंद करताना बटणात ठिणगी उडते ना, ती याचीच: प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेग बदलण्याचा दर, तसाच इथे विद्युतदाब म्हणजे स्वयंप्रवर्तकता (वेटोळ्याच्या या आडवं येण्याचं माप) गुणिले प्रवाह बदलण्याचा दर. याला ‘विद्युत जडत्व’ खुशाल म्हणा.

लेन्झचा १८३४ चा नियम असा: वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदललं की त्यात जो प्रवाह उपजतो (प्रवर्तित प्रवाह), तो त्या बदलाला विरोध करतो. यातला ‘बदल’ हा शब्द गाळू नये. ‘प्रवर्तित प्रवाह चुंबकीय क्षेत्राला विरोध करतो’ हे वाक्य सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. चुंबक वेटोळ्यापासून दूर नेला, तर तोच प्रवाह त्या घटत्या क्षेत्राला टेकू देतो.

ल शातलिए यांचं १८८४ चं तत्त्व सांगतं की समतोलात असलेल्या मिश्रणावर बदल लादला, तर समतोल तो बदल काहीसा कमी होईल अशा बाजूला सरकतो. ते मात्र मी या पंगतीत बसवणार नाही. तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडने भरलेल्या बंद सिरिंजचा दट्ट्या दाबला की रंग एकदम गडद होतो, मग थोडा उतरतो, कारण काही रेणू जोड्या जमवून रंगहीन होतात. पण पहिल्यापेक्षा तो गडदच राहतो. बदल व्हायचा तो झाला, त्यातला थोडा भरून निघाला. याला मी ‘भरपाई’ म्हणेन.