बोर्डाची परीक्षा आणि बोर्डिंग पास

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका भगिनींनी विचारले आहे की, दहावीची 'बोर्डाची' परीक्षा, विद्यार्थ्यांचे 'बोर्डिंग' आणि विमानतळावरचा 'बोर्डिंग पास' या तिन्ही ठिकाणी एकच इंग्रजी शब्द कसा काय आला.

'बोर्ड' म्हणजे मुळात लाकडाची फळी. हा अर्थ इंग्रजीत हजाराहून अधिक वर्षे रुळलेला आहे. शाळेतला फळा, दुकानाची पाटी, कॅरमचा बोर्ड ही त्याचीच उघड रूपे असल्याने त्यांविषयी फारसे सांगण्याची गरज नाही. खरी उकल होते ती 'जेवणाचे मेज' या अर्थाने. पूर्वी तिकाट्यांवर फळ्या टाकून जेवणाचे मेज मांडत, त्यामुळे मेजालाच बोर्ड म्हणू लागले. मग त्यावर वाढलेल्या जेवणालाही तेच नाव मिळाले आणि पैसे भरून दुसऱ्याच्या घरी नेमाने जेवणारा 'बोर्डर' ठरला. म्हणजे काटेकोरपणे पाहता 'बोर्डिंग' जेवणाचे आणि 'लॉजिंग' राहण्याचे. आपल्याकडे गुजरातेत ज्ञातींनी काढलेल्या वसतिगृहांना बोर्डिंग म्हणतात. तिथे दोन्ही सोयी असल्याने ते नाव चुकीचे नाही. परंतु जिथे चहाखेरीज काहीच मिळत नाही, अशा ठिकाणी 'लॉजिंग-बोर्डिंग'ची पाटी लावणे मला खटकते.

त्याच मेजाभोवती बसून विचारविनिमय करणाऱ्या मंडळींनाही पुढे बोर्ड म्हणू लागले आणि त्यातून संचालकांचे व परीक्षेचे बोर्ड आले. मराठीतला 'मंडळ' हा शब्द इथे मला अधिक नेमका वाटतो, कारण भोवताली बसलेल्या माणसांचे वर्तुळ त्यात आपसूकच आहे. आपली 'फळी'ही माणसांपर्यंत पोहोचली आहे, पण मेजावरून नव्हे, तर ओळीत उभे राहण्यावरून. म्हणून आपण पक्षातली 'दुसरी फळी' म्हणतो.

'बोर्डिंग पास' मात्र वेगळ्या वाटेने आला. कड किंवा काठ या अर्थाचा, याच रूपाचा आणखी एक शब्द जुन्या जर्मनिक भाषांत होता आणि इंग्रजीत तो फळीवाल्या शब्दात मिसळून गेला, असे अनेक कोशकार मानतात. त्यावरून जहाजाची बाजू म्हणजे बोर्ड, आणि ती ओलांडून आत जाणे म्हणजे 'बोर्डिंग'. जहाजावरून हा प्रयोग आगगाडीला आणि नंतर विमानाला लागू झाला. जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात, त्याचाही ताऱ्यांशी संबंध नाही: जुन्या जहाजांचे सुकाणूचे वल्हे त्या बाजूला असे आणि 'सुकाणूची बाजू' या अर्थाचे ते जुने रूप आहे. हाच काठवाचक शब्द फ्रेंचमध्ये जाऊन तिथून 'बॉर्डर' होऊन इंग्रजीत परतला, आणि साडीच्या काठालाही आता आपण सर्रास बॉर्डर म्हणतो.