मुठीचा टवका उडालाय, सुरी टाकून देऊ का?

प्रश्न : दादा, सासूबाईंच्या वेळची एक सुरी आहे, शिसवी मुठीची. पातं अजून एकदम मस्त, पण मुठीचा पात्याजवळचा कोपरा उडालाय, नखाएवढा टवका असेल, आणि तो तुकडा काही सापडला नाही. कापताना तिथलं लाकूड बोटाला टोचतं आणि कांद्याबिंद्याचं काहीतरी खाचेत अडकून बसतं. मिस्टर म्हणतात एमसील लाव, मुलगी म्हणते यूट्यूबवर फेविक्विक आणि खायचा सोडा टाकून करतात. नक्की काय करू, का सरळ नवीनच आणू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, टाकून अजिबात देऊ नका, नखाएवढा टवका म्हणजे काहीच नाही. पण आधी मूठ नीट बघा. मुठीच्या कडेने लोखंडाची पट्टी दिसते का, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि आरपार दोन-तीन रिव्हेट, म्हणजे दोन्हीकडून ठोकून बसवलेल्या धातूच्या खुंट्या? मग काम सोपं. तसं नसेल तर पात्याचं शेपूट मुठीच्या आत खुपसलेलं आहे, आणि तुमचा टवका नेमका तोंडाशीच उडालाय म्हणजे आत पाणी जात असणार. शेपटाला गंज चढला की तो फुगतो आणि लाकूड आतून फाकवतो. म्हणून पातं जाड फडक्यात धरा आणि मूठ हलवून बघा. खुळखुळ वाजली किंवा टवक्यापासून निघालेली चीर रिव्हेटपर्यंत पोचलेली दिसली तर वरून भरून काही उपयोग नाही, मूठच नवीन बसवावी लागेल. भाजी चिरताना मूठ हातात आणि पातं भलतीकडे, असा प्रकार नको.

मूठ घट्ट आहे ना? मग पहिलं काम, पात्याला पुठ्ठा लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा. सगळं लक्ष मुठीवर असतं तेव्हाच हात कापतो.

आता खरं महत्त्वाचं. मूठ वाळवा. लोक इथेच घाई करतात, संध्याकाळी सुरी धुतली आणि रात्री भरायला बसले. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, उभं जवळपास काहीच नाही, आणि वाळलं की परत आकसतं. ओलं असताना भरलंत तर महिन्याभरात भरणाच्या भोवती केसाएवढी फट दिसणार, तिथून परत पाणी आत, आणि एक दिवस तो तुकडा आख्खा बाहेर. सावलीत, पंख्याखाली ठेवा, चिपळूणचा पाऊस असेल तर चांगला आठवडा जाऊ द्या. उन्हात नको, गॅसजवळ तर नकोच, नव्या चिरा जातात.

मिस्टरांचं एमसील चुकीचं नाही हं. मी पुढे सांगतोय त्या अराल्डाइटसारखं ते पण एपॉक्सीच, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद, पाण्याला टिकतं, फक्त शिसवीवर राखाडी ठिगळ दिसतं. फेविक्विक-सोडा काही सेकंदांत दगड होतो हे खरं आहे, पण ठिसूळ, सुरी एकदा ओट्यावरून पडली की तुकडा टुणकन उडेल, आणि टाकताना डोळे चुरचुरतात ते वेगळंच. बारीकशा खड्ड्याला ठीक. साधा पांढरा फेविकॉल मात्र रोज धुतल्या जाणाऱ्या वस्तूला लावू नका, पाण्यात टिकत नाही.

मी सांगेन ते अराल्डाइट, दोन ट्यूबवालं, आणि पाच मिनिटांचं नको, सावकाश सुकणारं घ्या. सुताराकडून शिसवीचा बारीक भुसा मागून आणा, चिमूटभरच लागतो, कोणी पैसे घेणार नाही. करवतीचा जाडा भुसा नको, पॉलिश पेपर मारून पडते ती पूड. खाचेच्या आतून जुन्या ब्लेडने खरवडून घ्या, काळपट तेलकट थर जाऊन ताजं लाकूड दिसलं पाहिजे, मग मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन पुसा आणि उडून जाऊ द्या. दोन्ही ट्यूबमधलं सारखं घ्या, आधी नीट घोटा, मग भुसा घाला, श्रीखंडाएवढं घट्ट झालं की बास. पात्याच्या बाजूला पॅकिंगची चकचकीत टेप लावून घ्या म्हणजे नको तिथे चिकटणार नाही. काडीने कोपऱ्यात दाबून भरा, हवा राहू देऊ नका, आणि थोडं वर फुगीर ठेवा कारण नंतर घासायचंय. रंग मूळ लाकडापेक्षा जरा गडदच येणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी नख रुतत नाही ना बघा, मग 120 नंबरचा पेपर, मग 220, मग 400, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवं घासलंत तर ओरखडे तेल लावल्यावर जास्तच दिसतात. यानंतरची गोष्ट बरेच जण करत नाहीत, ओलसर फडक्याने मूठ एकदा पुसा आणि वाळू द्या, लाकडाची बारीक लव उभी राहते, हाताला खरखर लागते. ती 400 ने परत हलकेच काढा. आता धुतल्यावर मूठ खरखरीत होणार नाही.

शेवटी तेल. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं नको, ते वाळत नाही, चिकट होतं आणि खवट वास मारतं. खायचं जवसाचं तेल अगदी पातळ लावा, अर्ध्या तासाने सगळं पुसून काढा, दोन-चार दिवस वाळू द्या, असे दोन-तीन हात. हार्डवेअरमध्ये बॉइल्ड म्हणून मिळतं त्यात लवकर सुकायची रसायनं असतात, ते स्वयंपाकघरात नको. आणि जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका!! ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं, गंमत नाही. बाहेर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाका. एवढी कटकट नको असेल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा, ते वाळत नाही पण खवटही होत नाही, अधूनमधून हात फिरवला की झालं.

प्रश्न : आमच्या विळीचं पातं पाटात हलतं. यांनी खिळा मारू का विचारलं, मी थांबवलंय. – एक वाचक, सातारा

उत्तर : बरं केलंत थांबवलंत. खिळ्याने पाट फाटतो, आणि खिळा गंजला की आहे ती खोबणीसुद्धा सैल होते. पाचर मारा. सुक्या बांबूची किंवा बाभळीची पातळ कामटी, एका टोकाला निमुळती, पातं आणि लाकूड यांच्यामध्ये खालच्या बाजूने हळूहळू ठोका, वर आलेलं टोक कापून टाका. आधी पाट मात्र कोरडा हवा, ओल्यात ठोकलेली पाचर उन्हाळ्यात सुटते. मिटणारी विळी असेल तर पाचरेचा प्रश्नच नाही, बोल्ट आवळा, वायसर झिजला असेल तर बदला. तोपर्यंत तिच्यावर नारळ फोडायला बसू नका, सुरीने भागवा.

प्रश्न : डिशवॉशर घेतलाय. लाकडी मुठीच्या सुऱ्या त्यात चालतील का? सून म्हणते चालतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही चालत, सूनबाईंना माझं नाव सांगा. गरम पाणी आणि त्यातली पावडर मुठीतलं तेल ओढून घेते, मग गरम हवेने ती वाळते, आणि वर लिहिलंय तसलं भरलेलं ठिगळ असेल तर साधं एपॉक्सी 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. सिंकमध्ये भिजतही ठेवू नका. वापरली, लगेच धुतली, पुसून उभी ठेवली, अर्धं मिनिट लागतं.